सव्वा आटा

उसने दिलेले पैसे परत आले नाहीत,
त्यांच्याऐवजी ही येझदी आली.
एक्क्याऐंशी सालची, दोनपैकी एक सायलेन्सर कापलेला,
मडगार्ड वर उचललेलं, टायर गुठळ्यांचे,
किक आणि गिअर एकाच दांड्यावर.
सड्यावरच्या शर्यतींत धावायची म्हणे.
आता किक मारली की खोकते,
धूर सोडते,
आणि मान टाकते.

लाडू तारीचं गॅरेज खाडीला पाठ लावून बसलंय,
अर्धं होड्यांच्या इंजिनांचं, अर्धं मोटरसायकलींचं.
तीस वर्षं त्यानं टू-स्ट्रोक ऐकली,
टू-स्ट्रोकनं त्याचे कान खाल्ले.
हल्ली स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनावर टेकतो,
मूठ कानामागच्या हाडावर,
आणि डोळे मिटतो,
गरी टाकून बसलेल्या माणसासारखा.

"तू आयक गो. मी हात लावतंय."

लिटरमागे चाळीस मिली ऑइल,
खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजलेलं.
जेट पितळी. उजेडाकडे धरला
तर त्यातून आभाळ दिसतं, मोहरीएवढं.
तार घालायची नाही, तार पितळ खाते.
माडाचा हीर तासायचा, तो घालायचा, फुंकायचं.
सुई एक खाच खाली.
हवेचा स्क्रू आत, अलगद, टेकेपर्यंत,
मग दीड आटा बाहेर.

मग सडा.
चढ संपतो तिथे कातळ लागतो, काळा, उघडा,
त्यावर वाळकं गवत, आणि वारा
जो कुणाच्याच बाजूचा नसतो.
तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस,
क्लच दाबून चावी बंद,
घरंगळत थांबायचं,
तापलेला प्लग फडक्यात धरून काढायचा.

काळा.

दुसऱ्या दिवशी जेट बारीक घातला. काळा.
तिसऱ्या दिवशी सुई आणखी एक खाच. काळा,
आणि ओला.
लाडू तारीनं कार्बोरेटरला जी शिवी दिली
ती बंदरावर सुद्धा रोज वापरत नाहीत.

चौथ्या दिवशी तो चहा सांगायला गेला.
कार्बोरेटरची वाटी उघडी, मी नुसतीच बसलेली.
फ्लोट हातात आला, जुन्या अत्तराच्या डबीएवढा, पितळी.
उगाच कानाशी हलवला,
बाजारात नारळ हलवतात तसा.

आत पाणी होतं.

म्हणजे पेट्रोल, फार तर चार थेंब,
पण आवाज होता, आणि तो
कुठल्याही स्क्रूड्रायव्हरातून, कुठल्याही हाडातून
त्याच्यापर्यंत पोचणारा नव्हता.

मी ओरडले नाही.
तो आला, तेव्हा फ्लोट गरम पाण्याच्या ग्लासात बुडवून धरला.
सांध्याशी एक बुडबुडा. मग एक.
मग तांदूळ सांडल्यासारखे एका ओळीत.

तो बघत राहिला.
ज्याच्या आज्यानं उभा जन्म होड्यांच्या भेगा बुजवल्या
तो हसत हसत खाली टेकला.
"होडयेक भोक,
आनी मी चार दिस वारो मोजतंय!"

जड झालेला फ्लोट वर येत नव्हता,
वाट बंद होत नव्हती,
इंजिन बिचारं गळ्यापर्यंत बुडून
खोकत होतं, आणि आम्ही त्यालाच
कमी खा, कमी खा सांगत होतो.

पेट्रोल पूर्ण उडू दिलं. मग कथलाचा एक ठिपका,
कणभर सुद्धा जास्त नाही,
जास्त वजनानं तो तरंगायचा विसरला असता.
जेट पुन्हा मूळचा. सुई पुन्हा मूळच्या खाचेत.
स्क्रू दीड आटा.

दुसऱ्या किकला धरली.
लाडू तारीचा पंजा टाकीवर.
"कसो येता?"
शब्द शोधले, सापडले नाहीत,
तर त्याच्या मनगटावर बोटांनी वाजवून दाखवलं,
जसं येत होतं तसं, मधे मधे एक ठोका गिळत.
त्यानं मान हलवली.
स्क्रू पाव आटा आत घेतला.

मला काही फरक कळला नाही.

अर्ध्या चढावर कळला.
प्लगचा रंग संध्याकाळी पाहिला,
भाजलेल्या काजूची आतली साल.